भिंतीवरून उतरलेली टोपली

मी एक जुनी टोपली आहे. वेताची, दोन कानांची. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी कीव करायची नाही. म्हातारी झाले, तळ फाटला, दिसायला बेंगरूळ आहे, सगळं मान्य. पण पुन्हा भिंतीवर टांगून घेणार नाही. तेवढं सोडून काय ते बोला.

मला विणणारा माणूस तोंडाने फटकळ होता, पण हात सोन्याचे. वेत पाण्यात भिजवून, ओला आहे तोवर वाकवून, त्याने मला तीन दिवसांत उभी केली. मला घ्यायला आलेल्या बाईला त्याने चक्क दटावलं.

"कोरडी ठेवाल तर हाडं मोडतील हिची. अधूनमधून पाणी दाखवा. आणि शोभेला ठेवणार असाल तर आत्ताच परत द्या."

"शोभेला घरात मी आहे की!" बाई म्हणाली.

तिथेच मला ती आवडली.

तिला सगळे मावशी म्हणायचे. पोस्टाच्या खिडकीत बसून तिने आयुष्यभर तिकिटं विकली होती, त्यामुळे कोणाला दबून बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. घर समुद्राकाठी, बैठं. पुढे ओसरी, मागे रेताड जमिनीचा तुकडा. "या खाऱ्या वाऱ्यात गवत उगवलं तरी मला सांगा," असं शेजारच्या डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं. झालं! मावशी इरेला पेटली. जुन्या फळ्या ठोकून तिने वारा अडवला. मासेवाल्याकडून माशांची डोकी आणून वाफ्यांत पुरली. दुसऱ्या उन्हाळ्यात तेच डॉक्टर तिचे टोमॅटो मीठ लावून खात होते, आणि रस कोपरापर्यंत ओघळत होता.

मग दर उन्हाळ्यात रविवारी दुपारी तिच्या ओसरीवर माणसं जेवायला जमू लागली. कधी दहा, कधी वीस. पण त्या घराचा एक नियम होता. आल्या आल्या बसायचं नाही. आधी टोपली घ्यायची, बागेत जायचं आणि आपल्या हाताने खुडून आणायचं. टोपलीत येईल तेच ताटात. डॉक्टरांनी एकदा कोथिंबीर म्हणून गाजराचा पाला आणला, तर मावशीने तो बारीक चिरून त्यांनाच वाढला. एकदा कोणी मोठे साहेब आले. त्यांच्या गाडीचं दारसुद्धा दुसरा उघडायचा. मावशीने मला त्यांच्या हातात कोंबलं.

"वांगी पाहिजेत. देठाला काटे असतात, जपून."

साहेब बूट चिखलात घालून परत आले. बोटाला काटा टोचला होता आणि चेहरा असा फुलला होता की विचारू नका. काय दिवस होते ते! मी भरायची, रिकामी व्हायची, विहिरीवर धुतली जायची आणि पुन्हा भरायची.

दोन वर्षांपूर्वी मावशीचा मुलगा आणि सून तिच्याकडे राहायला आले. मुलगा इंजिनिअर, मनाने चांगला, पण नीटनेटकेपणाचा भारी सोस. मला बघून म्हणाला, "आई, एवढी सुंदर वस्तू चिखलात घालतेस? ही जपायला हवी." आणि त्याने मला ओसरीच्या भिंतीवर टांगलं. वर माझ्यात प्लॅस्टिकची फुलं खोचली! बागेत माझ्या जागी प्लॅस्टिकचा क्रेट गेला. येणारा-जाणारा म्हणे, "वा, काय टोपली आहे!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. दोन वर्षांत पाण्याचा थेंब नाही. माझा वेत आतून तडकत होता, आणि लोक म्हणे कौतुक करतायत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मावशी पायरीवरून घसरली. उजवा हात मोडला, प्लॅस्टर चढलं. दवाखान्यात गोळ्यांच्या गुंगीत ती पडली असताना मुलाने तिला विचारलं, "आई, बागेचं आता तुला झेपणार नाही. तिथे फरशी घालून घेऊ? पाहुण्यांच्या गाड्या तरी लागतील." गुंगीत तिची मान हलली. तोच याने होकार धरला आणि फरशीवाल्याला सोमवारचा दिवस दिला.

आदल्या दिवशी, रविवारी, नेहमीचं जेवण होतं. सकाळी मुलाने मला खाली उतरवलं, फुलं काढून टाकली आणि बाजारातून आणलेले टोमॅटो माझ्यात गच्च रचले. एकसारखे, चकचकीत. पाहुणे आले तसा तो म्हणाला, "बसा, बसा. आईने सगळं बागेतलं आधीच काढून ठेवलंय."

मित्रांनो, आयुष्यात मी काय काय वाहिलं. चिखल वाहिला, गोगलगायी वाहिल्या. पण खोटं कधी वाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी मला दोन्ही कान धरून उचललं, आणि मी तळ सोडला. वेत सुकला होता म्हणून मोडला, असं म्हणा हवं तर. मी म्हणेन, मी मोडले.

टोमॅटो ओसरीभर पळाले. एकेकावर दुकानाचं गोल स्टिकर! मावशी गळ्यात हात अडकवून बाहेर आली. तिने एक टोमॅटो उचलला आणि डोळ्यांजवळ नेला.

"माझ्या बागेत स्टिकर कधीपासून पिकायला लागले रे?"

मुलाचा चेहरा पडला. "आई, बाग वाळून गेलीय गं. लोकांसमोर तुझी फजिती नको म्हणून..."

"वाळली? तू बघायला गेला होतास?"

तेवढ्यात सून म्हणाली, "वाळली नाहीये. मी रोज कामावर जायच्या आधी पाणी घालते. तू विचारलंस का कधी?"

मग सगळे बागेत उतरले. माझा तळ गेला होता, म्हणून कोणी टोपीत भरलं, कोणी शर्टाच्या पुढ्यात. तडकलेले टोमॅटो, पिवळट काकड्या, शेंगा. ओबडधोबड, पण भरपूर. मासेवाल्याने निखाऱ्यावर मासे भाजले आणि जेवण झोकात झालं. जेवताना मुलाने फरशीचं सांगून टाकलं. मावशी पानावरून उठली नाही, ओरडली नाही. फक्त "बरं" म्हणाली. त्या 'बरं'ची मला धडकी भरली.

सोमवारी सकाळी फरशीवाला टेप घेऊन आला. बघतो तर टोमॅटोच्या वाफ्यात खुर्ची, खुर्चीत मावशी आणि मांडीवर मी, तळाशी पुठ्ठा घातलेली.

"आजी, जरा बाजूला होता का? माप घ्यायचंय."

"घ्या ना. माझ्यासकट घ्या."

मुलगा धावत आला. "आई, ऊन चढतंय, आत चल. हात मोडलाय तुझा."

"हात मोडलाय. मी धडधाकट आहे."

"आणि तू नसशील तेव्हा?"

"तेव्हा घाल फरशी, नाहीतर नाचायला स्टेज बांध. आज मी आहे."

फरशीवाल्याने टेप गुंडाळली. "साहेब, आजींवर फरशी बसवायची असेल तर दुसरा माणूस बघा."

मुलगा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. फरशीवाल्याला त्याने हाताने 'जा' म्हटलं आणि तो तिथेच मातीत बसला, इस्त्रीच्या पँटीसकट. समोरचा शेंगांचा वेल त्याने हाताने उचलून पाहिला.

"आई, यातली कोवळी कुठली, कसं ओळखायचं?"

मावशीने त्याच्याकडे वळून पाहिलं. गेले दोन उन्हाळे दर रविवारी पाहुणे बागेत जायचे, तेव्हा हा पोरगा ओसरीवर खुर्च्या मांडायचा. पंगतभर माणसं तिने बागेत पाठवली, पण घरातला म्हणून त्याला कधी पाठवलंच नव्हतं.

"चूक माझीच," ती म्हणाली. "सगळ्या गावाला टोपली दिली, तुला द्यायची राहिली." आणि डाव्या हाताने तिने मला त्याच्यापुढे धरलं.

पुढे मासेवाल्याने माझा तळ जाळ्याच्या निळ्या दोरीने विणून दिला. भयंकर दिसते मी. दिसू दे! रोज भिजते, रोज भरते, आणि मुलगा अजून जून शेंगाच आणतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी भिंतीवर लटकत असेल. तिला खाली काढा. भिजवा, भरा, फाटली तर शिवा. वापरता वापरता मोडलो तर मोडलो. पण जपतो म्हणून टांगू नका.