मशीनसमोर कोणी नव्हतं

दुपारी सव्वाबाराला वैजीनाथने झरीतल्या भावाच्या ओसरीवर बसून लॅपटॉपवरून पूर्ण्याच्या ऑफिसातलं मशीन रिस्टार्ट केलं, सवयीने फोन उचलला आणि विजयमालाला लावला. नंबर बंद असल्याचं सांगणारा आवाज अर्धा ऐकून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. बायकोला जाऊन आठ दिवस झाले होते.

पूर्ण्यात दोघांचं इंटरनेटचं काम होतं. साडेचारशे घरांची लाईन त्या एका मशीनमधून जायची. त्यावर युनिक्सच्या जातीची सिस्टीम होती. मागच्या महिन्यात त्यात दहा गिगाबिटचं नवं नेटवर्क कार्ड बसवलं होतं. वैजीनाथ सदा बाहेर, कुठल्या तरी खांबावर नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर. तिथूनच तो ड्रायव्हरच्या, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाईलमध्ये बदल करायचा. ऑफिसात विजयमाला मशीनच्या पडद्यासमोर बसून काय आलं ते फोनवर वाचून दाखवायची. बिघडलं तर तो सांगेल ते टाईप करायची. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं.

आज रेल्वे भरतीचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता, पाच वाजेपर्यंत. सकाळपासून सगळं गाव एकदम लाईनवर आलं आणि कार्ड गुदमरायला लागलं. म्हणून त्याने ड्रायव्हरमधल्या, येणारी माहिती वाटून घेणाऱ्या रांगा वाढवल्या आणि मशीन रिस्टार्ट केलं. मशीन परत आलंच नाही.

फोन वाजला. स्टेशनरोडवर नेट कॅफे चालवणारा धम्मानंद होता.

"वैजूभाऊ, आधी लाईन तुटायली होती. आता पार मेली."

"बघायलोय."

"बारा पोरं बसलीत. त्यात माझी रेणुका. मोबाईलवर फोटो चढंना. तुमच्या दुःखात तरास देणं बरं वाटंना, पन पोरीचं वय सरायलंय. पुढच्या भरतीत बसत न्हाई ती."

वैजीनाथ उठला, पायात चप्पल घातली. थोरला भाऊ तात्याराव दारात आला.

"कुठं?"

"पूर्ण्याला."

"दहावा झाल्याबिगर उंबरा ओलांडायचा न्हाई. आणि बस कधी, रेल्वे कधी? पोचशील तवर पाच वाजतील."

ते खरं होतं. वैजीनाथने चप्पल काढली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, परत घातली, परत काढली. मशीनचा पासवर्ड गिऱ्हाईकाला द्यायचा नाही, म्हणून धम्मानंदला न पाठवता त्याने सरजामावशीला फोन लावला. ऑफिसच्या खाली तिचं बांगड्यांचं दुकान होतं आणि दुसरी किल्ली तिच्याकडे असायची. तिचा फोन बटणांचा, म्हणजे फोटो पाठवायची सोय नाही. आणि तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं.

"मावशी, वर जाऊन पडद्यावर काय दिसतंय ते सांगा."

जिना चढून तिला दम लागला होता. "ओळीच ओळी हायत बाबा. मुंग्यावानी."

"सगळ्यात खालच्या ओळीच्या वरची. एकेक अक्षर कसं दिसतं ते सांगा."

"पहिली काठी, डोक्यावर टिंब. मग फुली. मग भोपळा. मग दोन टिंबं, एकावर एक."

आय, एक्स, शून्य. ते कार्डाचं नाव होतं.

"पुढं?"

"चंद्राची कोर. परत भोपळा. मग उघड्या तोंडाची वाटी. मग नुसती काठी..."

त्याला पुढचं ऐकायची गरज उरली नाही. 'कुड नॉट'ने सुरू होणारा हा निरोप त्याने पूर्वी एकदा ऐकला होता, विजयमालाच्याच तोंडून. रांगा वाढवल्या, पण रांगेत आलेला माल ठेवायला लागणारी मेमरी वाढवली नाही. त्यामुळे कार्ड उभंच राहिलं नाही. दुसरी ओळ लिहायची राहिली होती.

"मावशी, आता मी सांगतो ती बटणं दाबा. बटणांवर अक्षरं मोठी हायत, पडद्यावर बारकी दिसतील. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू? बिघडलं तर तुमचंच हाय."

आत शिरायचं नाव घालून झालं. पासवर्डाला ती अडली. "दाबायलेय, पन दिसंना काई."

"ते दिसत न्हाई. दाबा तसंच."

"असलं कसलं हो मशीन, लिहिलेलं दावत न्हाई."

तीनदा चुकलं. चौथ्यांदा आत गेली. मग जुनी फाईल परत जागेवर ठेवायची कमांड, एकेक बटण, तिरप्या काठ्या, टिंबं, मोकळ्या जागा. प्रत्येक बटणावरच्या अक्षराचा आकार ती उलट सांगायची, तो हो म्हणायचा, मगच दाबायची. एवढं होईपर्यंत तीन वाजले. मशीन बंद होऊन चालू झालं, आणि वैजीनाथच्या लॅपटॉपवर उघडलं.

"आली का? मग जाते मी. खाली नवरीच्या चुड्याचं गिऱ्हाईक बसलंय."

"जा मावशी."

ती गेली. लाईन आली होती, पण जुन्याच सेटिंगवर. धम्मानंदचा फोन लगेच आला. फॉर्म अर्ध्यात तुटत होते.

म्हणजे परत तेच करावं लागणार होतं. वैजीनाथने रांगांची ओळ लिहिली. मेमरीची ओळ लिहिली, आकडा दोनदा तपासला. बोट रिस्टार्टवर ठेवलं आणि काढलं. मग त्याने आणखी एक ओळ लिहिली. चालू झाल्यावर पाच मिनिटांत मी आत येऊन थांबवलं नाही, तर जुनी फाईल लाव आणि परत चालू हो. या धंद्यातली सगळी माणसं ही ओळ आधी लिहितात. त्याने चौदा वर्षांत कधी लिहिली नव्हती.

दाबलं. अंगणात गेला, आला, लॅपटॉपकडे पाहिलं, पुन्हा गेला.

"बस की एका जागी," तात्याराव म्हणाला.

मशीन उघडलं. कार्ड उभं होतं, माहितीची पाकिटं वाटेत गळत नव्हती. तो आकड्यांकडे बघतच राहिला, आणि पाच मिनिटांतली चाळीस सेकंदं उरली तेव्हा त्याने घाईने ती उलटी मोजणी थांबवली.

साडेचारला धम्मानंदचा फोन आला. "अकरा गेले. एकच राहिलाय, माझ्याच पोरीचा. फोटो लहान करायलीय अजून."

"किती झालं?"

"निम्मं झालंय. म्हंजे फोन ठेवू न्हाई का?"

"नका ठेवू. समोर काय येतंय ते सांगत ऱ्हावा."

धम्मानंद सांगत राहिला. फोटो चढला. सही चढली. गोल फिरायलंय. अजून फिरायलंय. वैजीनाथ भिंतीला टेकून खाली बसला आणि प्रत्येक वेळी हं म्हणत राहिला. पाचला बारा मिनिटं असताना पलीकडून रेणुकाचा आवाज आला, "पप्पा, फॉर्मचा नंबर आला."

"ऐकलं का, भाऊ?"

"ऐकलं," वैजीनाथ म्हणाला. "तो नंबर लिहून घ्यायला सांगा तिला."