ठोक्याच्या मागून

गॅरेजात त्याला सगळे ठोक्या म्हणत. चेपलेला पत्रा तो हातोडीने असा सरळ करी की गाडीचा मालकही ओळखू नये. पण हातोडी खाली ठेवली तरी हात थांबत नसे. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, याचं तसं हाताचं होतं. एकदा जेवताना बायको उलट बोलली, तर त्याने तिच्या गळ्याखालचं हाड मोडलं. लेक टेबलाखाली लपली होती. दुसऱ्या दिवशी बायको लेकीला घेऊन भावाकडे गेली आणि निरोप धाडला, "हात ताब्यात आला की सांगा. तोवर लेक दिसायची नाही."

चौकातल्या हॉटेलात जॅझ पियानो वाजवणाऱ्या बाई गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून घ्यायला आल्या, तेव्हा त्याने त्यांचे हात पाहिले. बाकावरच बोटं नाचत होती, आणि मनात येईल तिथे थांबत होती. गाडीच्या बदल्यात त्याने शिकवणी मागितली.

पहिल्याच दिवशी त्याने पियानोची पट्टी अशी हाणली की आतली तार तुटली.

"अरे, हा पत्रा नाही!" बाई ओरडल्या. "डाव्या हाताने ठोका धर. उजवा त्याच्या जरा मागून येऊ दे. जॅझमध्ये घाई करणारा मेला."

मागून येणं म्हणजे त्याच्यासाठी हत्तीने सुईत दोरा ओवणं. त्याचा हात कायम आधीच पोहोचलेला. एका दुपारी वेटर हसला, "अस्वल वाजवतंय वाटतं!" ठोक्याने त्याची मान धरून तोंड पट्ट्यांवर आपटलं, एकदा आणि पुन्हा. वेटरचा दात फटीत अडकला. बाईंनी रक्त पुसायला ठोक्याला त्याच्याच अंगातला शर्ट काढायला लावला. म्हणाल्या, "पुन्हा असं केलंस तर हे झाकण तुझ्या बोटांवर आपटीन. आणि मी काही जॅझ नाही, मी वेळेवर आपटते."

तो शिकला. रोज, घामाघूम होऊन, मुळाक्षरं गिरवणाऱ्या पोरासारखा शिकला.

मग मेहुणा गॅरेजात आला, सोबत दोन दांडगट घेऊन. "काय दाजी, पेटी शिकताय म्हणे?"

"पियानो."

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, दाजी. बघू या." मेहुण्याने जॅकचा दांडा उचलला आणि पाठीत घातला. मग बरगडीत. मग तोंडावर. बरगडी मोडल्याचं ठोक्याला ऐकू आलं. हातोडी हाताशीच होती आणि मेहुण्याचं टाळकं समोर. त्याने डाव्या हाताने मांडीवर ठोका धरला आणि प्रत्येक फटका जाऊ दिला. शेवटी मेहुणाच दमला, दांडा टाकून म्हणाला, "जनावर माणसाळलं की काय?" घरी जाऊन त्याने बहिणीला खरं ते सांगितलं.

रविवारी दुपारी बायको लेकीला घेऊन हॉटेलात आली. स्वतः दाराशीच उभी राहिली. लेक त्याच्या शेजारी बाकावर बसली, पण अंतर ठेवून. सुजल्या तोंडाने, धाप लागत, त्याने बाईंनी शिकवलेली एवढीशी धून वाजवली. उजवा हात प्रत्येक वेळी ठोक्याच्या मागून, अगदी सावकाश आला. बाईंनी मान डोलावली. लेक हसली, जवळ सरकली. त्याला इतका आनंद झाला की बरगडीचा विसर पडला.

"मी वाजवू?" तिने एक पट्टी दाबली. चुकीची.

"ती नाही गं, ही!" म्हणत त्याने हौसेने हात उचलला, तिच्या पलीकडची पट्टी दाखवायला.

लेकीने दोन्ही हात डोक्यावर घेतले, डोळे गच्च मिटले आणि बाकाखाली शिरली.

"अगं, दाखवत होतो फक्त," तो म्हणाला.

बायको आली, वाकली, लेकीचे हात डोक्यावरून एकेक करून सोडवले, आणि तिला कडेवर घेऊन निघून गेली.