दारावरच्या विटा

भिंतीवर चिकटवायच्या त्या विटांच्या शीटची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर होती. कुमुदिनीने ती उजेडात धरून वाकवली. जवळजवळ नळीसारखी झाली, तरी विटांना चीर पडली नाही. सांधे विटांपेक्षा किंचित खोल होते, त्यांवर खरी वाळू होती. लांबून पाहणाऱ्याला ती विटांची भिंतच वाटली असती, आणि हरीशना हल्ली सगळं लांबूनच दिसत होतं.

फरीदाबादच्या एका कारखान्यातून हरीश निवृत्त झाले होते, पण ते त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. चहा झाला की बॅग घेऊन ते ऑफिसला निघत. एकदा ते हायवेवर सापडले, तेव्हापासून दाराला कुलूप. मग ते सालपटं निघेपर्यंत दारावर हात आपटू लागले. डॉक्टर म्हणाले, दार ओळखूच आलं नाही तर बाहेर जायची ओढ कमी होईल. काही घरांत दारावर पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावतात.

कुमुदिनीने शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं. चित्रावर तिचा भरवसा नव्हता, या शीटवर बसला. वजनाला हलकी, म्हणजे बिजागऱ्यांवर भार नाही. लवचीक, म्हणजे चौकटीच्या कडांवरून वळवता येणार. तिने स्वतः कटरने कापून ती दारावर आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चिकटवली. कुलपापुरती एक वीट तेवढी उचलता येईल अशी ठेवली.

संपदा पुण्याहून फोनवर बघत होती.

"आई, यार, हे बिल्कुल कॅफेसारखं दिसतंय."

"मग ये कॉफी प्यायला."

"विषय बदलू नकोस. इथल्या त्या स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात बाबांसाठी जागा आहे. ते लोक किती थांबतील?"

"आधी हे वाळू दे."

हे वाळू दे, दिवाळी होऊ दे, थंडी सरू दे. लेकीला ती असंच काही ना काही सांगत आली होती.

सकाळी हरीश बॅग घेऊन आले. विटांसमोर थांबले, हात फिरवला.

"प्लास्टर राहिलंय."

"होईल."

"त्या ठेकेदाराला झापायला पाहिजे," असं म्हणून ते सोफ्यावर जाऊन बसले. त्या दिवशी कुमुदिनीने निवांत केस धुतले.

आठवडा शांततेत गेला. मग एका सकाळी ती स्वयंपाकघरात असताना बाल्कनीतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला. ती धावली. बाल्कनी सातव्या मजल्यावर होती. हरीश स्टुलावर उभे होते, एक पाय कठड्यावर, बॅग कठड्याच्या पलीकडे.

ती ओरडली नाही. तिने मागून दोन्ही हातांनी त्यांचा पट्टा धरला.

"अगं, जिना बंद केलाय या लोकांनी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "इथून रस्ता आहे बघ."

"आधी खाली या. चहा राहिलाय."

"उशीर होतोय."

"गाडीच उशिरा येणार आहे आज."

त्यांनी विचार केला. पाय मागे घेताना बॅग हातातून सुटली. इतक्या उंचीवरून जमिनीला टेकायला किती सेकंद लागतात, हे गणित तिने शेकडो मुलांकडून करून घेतलं होतं. खालून आवाज आला तेव्हा तिने डोळे मिटले होते.

तिने गोंद तपासला होता, शीट वाकवून पाहिली होती. हरीशना तरीही ऑफिसला जायचंच असेल, हे तेवढं तिने हिशेबात धरलं नव्हतं. ज्या दारापलीकडे जिना होता, तेच तिने लपवलं होतं.

बाल्कनीला कडी घालून तिने त्यांना चहा दिला. ते कप धरून खोली न्याहाळत राहिले. मग परक्या घरी विचारावं तसं त्यांनी हळूच विचारलं, "बाई, इथून बाहेर कसं पडायचं?"

तिने संपदाला फोन लावला. एरवी हा विषय निघाला की ती आतल्या खोलीत जायची. आज ती त्यांच्या शेजारीच बसून राहिली.

"आई? बाबा ठीक आहेत ना?"

"ती जागा घे, संपदा," ती म्हणाली. आवाज तिने खाली आणला नाही. "बाबांना मी आता घरी ठेवणार नाही."