वाजणारं बेअरिंग

पाच दिवस विमा कचेरीत टेबलामागे बसायचं आणि सुट्टीला लोकांच्या झाडांवर चढायचं, असा त्याचा दुहेरी संसार होता. झाडकाम ज्यांनी शिकवलं ते काका त्याला ‘रविवार’ म्हणत, कारण शिकायला तो रविवारीच उगवायचा. पुढे गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली. बायको तेवढी म्हणत नसे. तिचं म्हणणं, रविवार म्हटलं की माणसाला निदान आराम तरी मिळतो.

फांदी कापणं सोपं. कापलेल्या फांदीचं करायचं काय, हा खरा प्रश्न. ढीग अंगणात पडून राहायचे आणि गिऱ्हाइकं फोनवर फोन करायची. फांद्यांचा भुगा करणारा चिपर हवाच होता, पण नवा घेणं म्हणजे अंथरूण सोडून फरशीवर पाय पसरणं. मग जुने बघायला सुरुवात झाली. पहिल्याला ताजा रंग फासला होता. वरून कीर्तन, आतून तमाशा. पाती फिरवणाऱ्या ड्रमला चक्क तडा. दुसऱ्याचा मालक मशीन चालूच करेना. ‘‘आज त्याचा मूड नाही,’’ म्हणाला.

या दोन फेऱ्यांत बायकोने त्याच्याकडून एक धडा घोटून घेतला.

‘‘आवडलं की आधी नावं ठेवायची. तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, समोरचा लगेच भाव चढवतो.’’

तिचं चूक नव्हतं. घरातला फ्रिज, कपाट, स्कूटर, सगळं तिने नावं ठेवूनच स्वस्तात आणलं होतं.

आणि मग काकांचाच निरोप आला. गुडघ्यांनी दगा दिला होता, धंदा बंद करत होते, चिपर द्यायचा होता. दोघं गेले.

काकांनी मशीन शेडच्या मधोमध ओढून ठेवलं होतं. जुनं होतं, पण नट न् नट पुसलेला. पात्यांना धार अशी की बघूनच बोट मागे घ्यावं. काकांनी ते चालू केलं आणि मनगटाएवढी फांदी तोंडात सारली. मशीनने ती कुरकुर न करता खाल्ली. रविवारच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढं गोड चालणारं मशीन त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

‘‘पाती मात्र माझ्याकडेच आणायची हं,’’ काका मोठ्याने म्हणाले. करवतीच्या आवाजात सगळी हयात गेलेली, कान जवळजवळ गेले होते. ‘‘धार मी लावीन. तेवढाच हाताला चाळा. कसं वाटलं?’’

बायकोने कोपर टोचलं. आणि या शहाण्याने, तोंड उघडून, पाठ केलेला धडा काकांच्या कानाशी जाऊन म्हणून टाकला.

‘‘बेअरिंग वाजतंय, काका.’’

काकांनी मशीनवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

‘‘हाताला तर लागत नाही. तुला ऐकू येतंय?’’

‘‘येतंय ना. खडखड आहे. जुनी वाटते.’’

ही ‘जुनी’ कुणी सांगितली होती? कुणीच नाही. एकदा खोटं बोलायला बसलं की माणूस वर फोडणीही घालतो.

काकांनी मशीन बंद केलं. आता ते भाव उतरवतील, म्हणून बायको पर्स सावरून उभी राहिली. काका म्हणाले, ‘‘मग हे तुला देत नाही.’’

‘‘अहो काका, तसं फार नाही...’’

‘‘फार नाही म्हणजे? हेच शिकवलं का तुला? बेअरिंग वाजतं नाहीतर वाजत नाही. ड्रम सुटला तर हात राहील का तुझा?’’ मग आवाज उतरला. ‘‘इतके दिवस माझी माणसं यात फांद्या सारत होती रे. मला कळलंच नाही.’’

तिथल्या तिथे ‘काका, खोटं बोललो’ म्हणायला किती वेळ लागला असता? पण शेजारी बायको, समोर चहा घेऊन आलेल्या काकू, आणि मधे त्याचं तोंड. चहा पिऊन दोघं परत आले. वाटेत बायको म्हणाली, ‘‘काका कसे आहेत हे मला माहीत नव्हतं, तुला तर माहीत होतं ना? माझी आयडिया त्यांच्यापुढे कशाला वापरलीस?’’ ज्या माणसाने त्याला कधी फसवलं नव्हतं, त्याच्याशीच त्याने घासाघीस केली होती.

पुढच्या सुट्टीला सगळं कबूल करायचं ठरवून तो एकटाच गेला. शेड रिकामी होती. मशीन भंगारात गेलं होतं; पुन्हा कुणी वापरू नये म्हणून काकांनी ड्रम गॅसने कापून मगच दिलं होतं. बेअरिंग तेवढं ठेवून घेतलं होतं. ते मांडीवर घेऊन काका स्टुलावर बसले होते आणि बोटाने फिरवत होते.

‘‘हात म्हणतात चांगलं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण आता हातांवर काय भरवसा ठेवायचा? धार लावणंही बंद केलं मी. कुणाच्या जिवाशी खेळ नको. धारेचे दगड तूच घेऊन जा.’’

‘‘काका, बेअरिंग चांगलंच होतं. मी खोटं बोललो.’’

‘‘आं?’’

‘‘खोटं बोललो! भाव पाडायला!’’ तो ओरडला. समोरच्या घराची खिडकी उघडली. ‘‘मशीन चांगलं होतं! वाजत नव्हतं!’’

काकांना या वेळी ऐकू गेलं. ते हसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

‘‘माझं मन राखतोस होय रे? कान गेलेत माझे, अक्कल नाही गेली. भाव पाडायला तुला माझ्याशी खोटं कशाला बोलावं लागेल? तुला तर मी ते फुकटच देणार होतो.’’

त्याने पुन्हा तोंड उघडलं, पण काका धारेचे दगड फडक्यात बांधायला लागले होते. दारात काकू उभ्या होत्या. त्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं.