पोटाखालचा गंज

मित्रांनो, मी एक जुनी निळी गाडी आहे, आणि माझ्या हातात फार वेळ उरलेला नाही. गाड्या रंगवणाऱ्या एका काकांच्या मागच्या आवारात मला चार लाकडी ठोकळ्यांवर टेकवून ठेवले आहे. चाके काढून नेली. काच उतरवली. पत्रा कापणारे आज येतील, नाहीतर उद्या. म्हणून जे सांगायचे आहे ते आत्ताच सांगते. मध्येच थांबले तर समजून घ्या.

कारखान्यात माझा सांगाडा तयार झाला तेव्हा तो आधी एका मोठ्या हौदात बुडवून काढला होता. मग थरावर थर चढले. गंज धरू नये म्हणून अस्तराचा थर, त्यावर निळा रंग आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर. सगळे मिळून जाडी किती म्हणाल, तर तुमच्या डोक्यावरचे दोन केस एकावर एक ठेवले तर होईल तेवढी. एवढ्याच कातडीवर आम्ही ऊन, खडे, चिखल आणि मीठ सोसत असतो.

मीठ म्हणाले, कारण माझे सारे आयुष्य मिठातच गेले. मला ज्यांनी घेतले त्या परिचारिका होत्या. घरोघर जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायची, इंजेक्शने द्यायची, बाळंतिणींची चौकशी करायची, हे त्यांचे काम. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, म्हणून मीही सिस्टरच म्हणते. त्यांचा रस्ता एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे, असा मधून जायचा. दिवसाकाठी अकरा घरे. माझ्या मागच्या सीटवर औषधांची पेटी, कापसाची गुंडाळी आणि घाईत न खाल्लेला डबा. पहिली काही वर्षे त्या सुट्टीच्या दिवशी मला धुवायच्या, तेही नळी लावून थेट चाकांच्या आतपर्यंत. पुढे घरे वाढली, सुट्ट्या घटल्या, आणि माझे धुणे बादलीभर पाण्यावर आले. मी तक्रार केली नाही. त्यांच्या स्वतःच्या केसांनाही तेव्हा तेल मिळत नव्हते.

सातव्या वर्षी माझा रंग उतरला. टपावर पांढरट डाग पडले. एका मोठ्या बंगल्यात सिस्टर एका आजींना इंजेक्शन द्यायला गेल्या, तेव्हा तिथला रखवालदार म्हणाला की हे भंगार समोर लावू नका, पाहुणे यायचेत, मागे घ्या. सिस्टरनी निमूटपणे मला मागे घेतले. घरी हसत हसत ही गोष्ट धाकट्या भावाला सांगितली. भाऊ चष्म्याच्या दुकानात कामाला होता. माणसाला काय शोभते आणि काय नाही, हे बघण्यातच त्याचा दिवस जायचा. तो हसला नाही. म्हणाला, ताई, तू दुसऱ्यांच्या घरी देवासारखी जातेस आणि लोक तुला मागच्या दाराने घेतात. आता या गाडीचं काहीतरी करायचंच.

वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांत एकच काम होण्यासारखे होते. पहिल्यांदा दोघे मला घेऊन या रंगारीकाकांकडे आले. काका पाठीवर झोपून माझ्या पोटाखाली शिरले आणि अर्धा तास बाहेरच आले नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर गंजाची पूड होती.

ते म्हणाले, "वरचा रंग फिका पडलाय, मेलेला नाही. नीट धुवा, मेण लावा, चालून जाईल. नाकावर खडे लागतात तिथे हवी तर पारदर्शक फिल्म चिकटवा. पण पैसा घालायचा तो खाली घाला. मीठ खरवडून काढायचं आणि गंज थांबवणारा थर मारायचा. ब्रेकच्या नळ्यांनाही गंज धरलाय."

भाऊ म्हणाला, "काका, खाली कोण बघतंय?"

"मीठ बघतंय," काका म्हणाले.

मग दोघे मला दुसऱ्या दुकानात घेऊन गेले. त्या मालकाला मी मनातल्या मनात चकाचकवाला म्हणायचे. तिथे सराफाच्या पेढीसारखे दिवे होते. त्याने कोटिंगचा लेप दिलेल्या एका काळ्या पत्र्यावर पाणी ओतून दाखवले, तर पाण्याचे मोती होऊन घरंगळले. मेण दोन महिन्यांत उडते, फिल्म सगळ्या गाडीला लावायची तर महाग पडते, हे कोटिंग मात्र वर्षानुवर्षे टिकते, असे त्याने समजावले. मित्रांनो, तो माणूस खोटारडा नव्हता. जे विकले ते त्याने चोख केले. माझ्या पोटाखाली काय आहे हे त्याला कुणी विचारले नाही आणि त्याने आपणहून वाकून पाहिले नाही, इतकेच.

सिस्टर त्या काळ्या पत्र्याकडे खूप वेळ बघत राहिल्या. मग भावाला हळू आवाजात म्हणाल्या, "खालचं पुढच्या वर्षी करू. मला एकदा तरी कुणीतरी म्हणू दे की सिस्टर, गाडी छान आहे."

तीन दिवस मला घासले, पुसले, कोटिंग केले. बाहेर आले तेव्हा माझ्या दारात रस्ता दिसत होता. खरे सांगते, मीही हुरळले. लोक थांबून बघायचे. बंगल्यातल्या त्याच रखवालदाराने मला समोर जागा दिली. एका पेशंटच्या सुनेने माझ्या काचेत बघून कुंकू नीट केले. सिस्टर गाडीतून उतरताना आता पदर सावरत, मान वर ठेवून उतरायच्या. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ना, तो मीच होते. वर पाणी मोत्यांसारखे घरंगळत होते आणि खाली तेच खारे पाणी माझ्या सांध्यांत जाऊन बसत होते.

पुढचे वर्ष आले आणि गेले. त्याच्या पुढचेही आले. चमक टिकून होती, म्हणून खालचे काम कुणाला आठवले नाही. आठवणार तरी कसे? आजारी दिसणाऱ्याकडे डॉक्टर येतो, मी तर धडधाकट दिसत होते. माझ्या पत्र्याचे पापुद्रे सुटत होते. ब्रेकचे तेल नेणाऱ्या दोन बारीक नळ्या शेजारी शेजारी कुजत होत्या. मला ते रोज कळत होते. मित्रांनो, ज्याला तोंड नाही त्याने ओरडावे कसे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते तेव्हा कळले. शेवटी माझ्याजवळ होते तेवढे केले. तेल कमी झाल्यावर सिस्टरच्या डोळ्यांसमोरचा ब्रेकचा लाल दिवा लावला. सिस्टरनी तो पाहिला. बाटलीतले तेल ओतले. सुट्टीच्या दिवशी काकांना दाखवते, असे त्या भावाला म्हणाल्या. पण त्याच आठवड्यात मिठागरावरच्या वस्तीत तापाची साथ आली आणि सुट्टीचा दिवस उगवलाच नाही. मी पुन्हा दिवा लावला. पुन्हा तेल ओतले गेले. त्या दिव्याकडे बघणारे डोळे जागरणाने सुजलेले होते, त्यांना मी दोष देत नाही.

भर दुपारची गोष्ट. वस्तीवरची एक पोर बाळंतपणाला अडली होती. तिला आणि तिच्या सासूला मागच्या सीटवर घेऊन सिस्टर धक्क्याकडे निघाल्या. पलीकडच्या तीरावर इस्पितळ होते आणि होडी सुटायला थोडाच वेळ होता. धक्क्याला जायचा रस्ता म्हणजे सरळ उतार. एका बाजूला दगडी कठडा, समोर होडीसाठी उभी असलेली रांग. रांगेत टोपल्या घेतलेल्या बायका होत्या, कडेवरची मुले होती.

उताराच्या तोंडाशी सिस्टरनी ब्रेक दाबला. एक नळी फुटली. त्यांनी जीव एकवटून पुन्हा दाबला, तर दुसरीही गेली. पाय पार तळाला टेकला. त्यांनी हाताचा ब्रेक खेचला, त्याची तारही गंजलेली, ती तुटली आणि दांडा नुसताच वर आला. मी सुटले. काळजाचे पाणी होणे गाड्यांनाही ठाऊक असते. मला थांबायचे होते, थांबायला माझ्यात काही उरलेच नव्हते. सासूबाई देवाचे नाव घेत होत्या. ती पोर कळांनी विव्हळत होती.

सिस्टर म्हणाल्या, "तिला उजवीकडे ओढा आणि घट्ट धरा." आवाज अगदी सुई टोचण्याआधी असतो तसा होता. मग त्यांनी गिअर खाली आणला आणि मला कठड्यावर घातले.

डाव्या अंगाने मी दगडाला घासत गेले. कोटिंग गेले, पारदर्शक थर गेला, निळा गेला, अस्तर गेले, उघडा पत्रा ठिणग्या टाकत फाटत गेला. दार आत दबले. मी दगडाला जितकी चिकटेन तितके बरे, एवढेच मला कळत होते. रांगेतली माणसे पळाली. शेवटच्या टोपलीपासून चार पावलांवर मी थांबले.

होडीवाल्यांनी त्या पोरीला हातांवर उचलून नेले. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे मला पुढे भावाच्या तोंडून कळले. सिस्टर मात्र तशाच बसून होत्या. स्टिअरिंगवरून त्यांची बोटे एकेक करून सोडवावी लागली.

मला इथे ओढून आणले. काकांनी खाली शिरून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो बिस्किटात शिरावा तसा आरपार गेला. सिस्टर उभ्या होत्या. लोक त्यांना उंबऱ्यात जो प्रश्न विचारत आले, तोच त्यांनी काकांना विचारला, "काका, वाचेल का?"

काकांनी फडक्याला हात पुसले. "नाही, बाई. जोडायला धड पत्राच उरला नाही."

भाऊ उकिडवा बसला होता. मान खाली घालून म्हणाला, "ताई, मीच म्हणालो होतो."

"निवड माझी होती," सिस्टर म्हणाल्या. त्या कठड्याला न लागलेल्या माझ्या उजव्या दारावरून हात फिरवत होत्या. ते दार अजूनही चमकत होते.

आता त्या पायी जातात. दिवसाकाठी अकरा घरे व्हायची, आता चार होतात. उरलेल्या सात घरांत कुणाची तरी जखम बांधायची राहते, कुणीतरी दाराकडे डोळे लावून बसते. हा घोर मला त्या कटरच्या पात्यापेक्षा जास्त कापतो.

मित्रांनो, चमक वाईट नाही. मलाही ती आवडली होती. सिस्टरना तर ती हवीच होती, इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट. पण रंगाला काय लावायचे हे ठरवण्याआधी तुमची गाडी कुठल्या रस्त्याने जाते ते आठवा. खडे असतील तर नाक झाका, ऊन असेल तर टप जपा, मीठ असेल तर आधी खाली वाका. कपडे मळतील, मळू द्या. घरात गाडी नसली तर सायकल असेल, आजोबांची काठी असेल, न बोलता राबणारे कुणीतरी असेल. जे तक्रार करत नाही ते ठणठणीत आहे असे समजू नका.

फाटक वाजले. कापणारे आले वाटते. तुम्ही इथे थांबू नका, मित्रांनो. उजेड आहे तोवर घरी जा आणि वाकून बघा.