दोन बोटांची खूण

तडतडीचं डोकं त्या दिवशी सकाळीच फिरलं होतं, आणि फिरायला तसंच कारण होतं. स्टुडिओतला सगळ्यात चांगला माइक मधोमध उभा, त्याच्यासमोर खुद्द आई उभी, आणि तरी आवाज असा येत होता की शेजारच्या खोलीत कुणी बाई कपडे वाळत घालता घालता गुणगुणते आहे.

तडतडी हे काही तिचं नाव नव्हे. वायर सैल झाली की स्पीकरमधून तडतड ऐकू येते, तिच्यावरून वादक मंडळींनी ते तिच्या माघारी ठेवलं होतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं. ध्वनिमुद्रण करणारा पुरुष चिडका असला तर लोक म्हणतात, माणूस कामाला चोख आहे. बाई चिडकी असली की तिचं बारसं करून मोकळे होतात. तिला याचाही राग होता. तिच्याकडे रागाला कधी तोटा नसायचा.

आजचं काम मात्र कुणा गिऱ्हाइकाचं नव्हतं. आईच्या गळ्यात गाठ निघाली होती आणि परवा ऑपरेशन होतं. बोलता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. गाण्याचं काय, असं विचारल्यावर ते फाइल चाळायला लागले. आई जन्मभर गायली, पण कोरसमध्ये. चाली बाबांच्या. बाबांची नवी चाल झाली की आधी आई ती स्वयंपाकघरात गाऊन बघायची, मग जाऊन गायिकेला शिकवायची, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याच गायिकेच्या पाठीमागे उभी राहून कोरस म्हणायची. त्या गायिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. तुझ्या आईचा आवाज कोरसचा, असं घरात इतक्या सहज बोललं जायचं की आईचं नाक जरा बसकं आहे, या वाक्यात आणि त्या वाक्यात तडतडीला कधी फरक वाटला नव्हता. आईचा एकटीचा आवाज मात्र कुठेही नोंदलेला नव्हता. तडतडीला तो हवा होता, आणि आज मिळाला नाही तर तो कधीच मिळणार नव्हता.

म्हणून तिने कंडेन्सर माइक बाहेर काढला होता. हा माइक फार तिखट कानाचा. श्वास, ओठ उघडल्याचा आवाज, मनगटावरच्या बांगडीचं टिचणं, काही म्हणजे काही सोडत नाही. आईला तिने माइकपासून वीतभर अंतरावर उभं केलं आणि पावलांपुढे जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावली. हिच्यापासून मागे सरकायचं नाही, एवढंच सांगितलं. धृपद झकास झालं. अंतरा आला आणि आई मागे सरकली, एक पाऊल, मग आणखी एक. आवाज पातळ झाला आणि भिंतींवर आदळून आलेला आवाज त्याच्यात मिसळला.

पुन्हा घेतलं. अंतऱ्याला आई पुन्हा मागे.

तडतडीने माइक बदलला. रिबन लावला. हा जुन्या वळणाचा गडी, आवाजाची धार मऊ करतो आणि जवळून गायलं तर गळ्याला भरदारपणा देतो. हेडफोनमध्ये स्वतःचा भरलेला आवाज ऐकला की आई जागची हलणार नाही, असा तिचा हिशेब होता. आई हलली. मग तिने हेडफोनचा एक कान उघडा ठेवायला सांगितला. तरी तेच. शेवटी कंटाळून तिने कार्यक्रमात वापरतात तसला साधा माइक आईच्या हातातच दिला. आई मागे गेली तरी माइक बरोबर जाईल. अंतरा आला, आणि आईचा हात पोटापर्यंत खाली गेला.

"आई, तुला साधं एका जागी उभं राहता येत नाही का?" तडतडीने काचेअलीकडून बटण दाबून आत आवाज दिला, आणि दिला तो चांगलाच चढ्या सुरात.

"चुकलं गं," आई म्हणाली. मग खोकली आणि पाणी प्यायली. तो खोकला ऐकून तडतडी आणखीच भडकली.

काचेअलीकडेच, तडतडीच्या मागच्या सोफ्यावर बाबा बसले होते. सकाळपासून त्यांचं पुराण चालू होतं. तिला पुढे उभं राहायची सवय नाही, तू उगाच माइक बदलू नकोस, लांबूनच घे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या काळी म्हणे गायिका, कोरस आणि निम्मे वादक मिळून एकच माइक असायचा. कुणाचा आवाज किती हवा, ते कोण किती लांब उभं आहे त्यावर ठरायचं. गाणं चालू असताना बोलता येत नसे, म्हणून संगीतकार खुणेनं सांगायचा. मूठ मिटली की पुढे या, दोन बोटं उडवली की मागे व्हा. ही गोष्ट तडतडीने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की बाबांचं तोंड उघडायच्या आधीच तिचे कान बंद व्हायचे.

तिने पुन्हा कंडेन्सर लावला आणि आईला पट्टीशी उभं केलं. या वेळी तिने पडद्यावरच्या आवाजाच्या रेघांकडे बघितलं नाही, सरळ समोरच्या मोठ्या काचेतून आईकडे बघत राहिली. काचेत मागचा सोफाही दिसत होता, पुसट. बाबा डोळे मिटून तालात डोलत होते, हात गुडघ्यावर. धृपद संपलं. अंतऱ्याच्या तोंडाशी त्यांचा हात गुडघ्यावरून उठला आणि दोन बोटं उडाली, माशी हाकलावी तशी. काचेपलीकडे आई मागे सरकली.

तडतडीने रेकॉर्डिंग थांबवलं आणि खुर्ची गर्रकन फिरवली. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"हात कुणाला केलात?"

बाबांनी डोळे उघडले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं, तो अजून अर्धवट हवेतच होता.

"सवय आहे गं ती."

"तुमची सवय, आणि सकाळपासून ओरडा खातेय ती. का मागे करायचात तिला?"

बाबा सांगायला तयार नव्हते. निर्माते, तो काळ, मोठ्या बाईंचा मान, असं काय काय पुढे करून झालं. ती खुर्चीवरून उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा कुठे ते म्हणाले, "अंतऱ्यात तिचा आवाज मोठ्या बाईंच्या वर यायचा."

"म्हणजे चांगला होता."

"चांगला होता," बाबा म्हणाले. "म्हणूनच."

तडतडीला त्यांना काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. त्यांच्याइतकाच तिला स्वतःचा संताप आला. कानांवर पोट भरणारी ती, आणि घरातला आवाज कसा आहे हे तिने दुसऱ्यांनी सांगितलेलं खरं धरलं होतं. एकदाही नीट ऐकलं नव्हतं. तिने वळून बटण दाबलं.

"आई, बाबा इथून खूण करतायत. म्हणून तू मागे जातेस. दिसत होती तुला?"

"दिसायची ना," आई म्हणाली. "मला वाटलं, आजसुद्धा माझा जास्त होतोय."

तडतडीने तिला सगळं सांगून टाकलं, एक शब्दही गाळला नाही. आवाज जास्त कधीच होत नव्हता, तो मोठ्या बाईंपेक्षा चांगला होता, त्यासाठीच मागे ढकलला, आणि हे बाबांनी आत्ता स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. काचेपलीकडे आईने पदर खांद्यावरून ओढून कमरेला खोचला.

बाबांना मी बाहेर घालवते, असं तडतडीने सांगितलं.

"नको," आई म्हणाली. "त्यांना आत पाठव."

बाबा आत गेले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तर आईने बोटानेच गप्प केलं. मग पट्टीच्या मागची, तिला अगदी लागून असलेली जागा तिने त्यांना दाखवली.

"इथे उभे राहा. माझ्या मागे. हलायचं नाही."

ते उभे राहिले. नवरा म्हणून राहिले की संगीतकार म्हणून, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. आई पट्टीशी आली, आणि मग पट्टीच्याही थोडी पुढे. तडतडीने तिला अडवलं नाही.

धृपद झालं. अंतऱ्याच्या तोंडाशी आईचं अंग सवयीने मागे झुकलं, तिची पाठ बाबांच्या छातीला लागली, आणि ती तिथून पुढे आली. आवाज एवढ्या जोराने आला की रेघा लाल झाल्या आणि तडतडीला घाईने पातळी खाली ओढावी लागली. आवाजाला गाठीची खरखर होती. वरच्या सुरावर तो एकदा फाटलाही. पण तो खोलीभर होता, आणि त्याच्या पुढे कुणीही नव्हतं. तडतडीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

शेवटचा सूर विरत असतानाच आईच्या मागून हुंदका ऐकू आला. बाबांनी तोंडावर हात दाबला होता, पण माइकने तो टिपलाच. राहू दे, असं तडतडीच्या मनात आलं. असं गाणं काही पुन्हा होणार नाही, आणि त्या गळ्यात आता किती उरलंय कोण जाणे. झालं, छान झालं, असं सांगायला तिने बटणावर बोट ठेवलं.

आईने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"पुन्हा घेऊ," ती म्हणाली. "मागून आवाज आला."