सांध्यांची ओळखपरेड

"अरं, त्यो आपलाच हाय. रोज बघतोस की त्याला, तरी चावतोस व्हय?"

द्वारकाबाईंना आधी वाटलं, मानसिंगराव कुत्र्याला दटावतायत. पण कळंबच्या त्या घरात कुत्रं कधीच नव्हतं. नवरा बाजेवर बसून स्वतःच्या उजव्या अंगठ्याशी पुटपुटत होता.

हे खूळ बारामतीच्या डॉक्टरीणबाईंमुळं शिरलं. त्या बिचारीनं नुसतं समजावून सांगितलं होतं. रोगांशी लढायला अंगात म्हणे शिपाई-पेशी असतात. छातीच्या हाडामागं त्यांची शाळा भरते. तिथं त्यांना शरीराचे नमुने दाखवतात, आणि जी पेशी आपल्याच नमुन्यावर धावून जाते तिला बहुतेक तिथंच बाद करतात. तरी काही उडाणटप्पू निसटतातच. त्यांना आवरायला बाहेर शहाण्या पेशी असतात, पण कधी त्यांचंही चालेनासं होतं. मग शिपाई घरच्या सांध्यांनाच चोर समजून झोडपत सुटतात. आमवात तो हाच. आठवड्याला एक गोळी, चुकवायची नाही, नाहीतर बोटं कायमची वाकडी होऊन बसतील.

मानसिंगराव तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर जमादार होते. शिपाई चुकतो हे त्यांना कळलं. त्याला गोळी देऊन सुस्त पाडायचं, हे पटेना. नवा पहारेकरी आला की ते त्याला आठ दिवस हिंडवून ओळखी करून देत. हा वजनकाटा, हे इंजिनिअरसाहेब, ह्या त्यांच्या सासूबाई, ह्यांना अडवायचं न्हाय. एकदा सासूबाई दाखवायच्या राहिल्या, तर नव्या गड्यानं त्यांना भर उन्हात तासभर उभं केलं. इथंही तसंच कुणीतरी दाखवायचं राहिलं असणार.

गोळ्या कपाटात गेल्या आणि रोज सकाळी सातला फेरी सुरू झाली. हा डावा गुडघा, जुना माणूस, सोडायचं. ही करंगळी, गरीब हाय, हिच्या वाटंला जायचं न्हाय. पंधरा दिवसांनी त्यांना वाटलं, शिपाई शाळा शिकलेत तर त्यांना वाचताही येत असेल. सुनेला, राजलक्ष्मीला, बोलावून त्यांनी एकेका सांध्यावर मार्करनं ‘आपला’ लिहून घेतलं. मानेवर लिहिताना तिला हसू आवरेना. स्वतःच्या गुडघ्यावर तरी त्यांनी स्वतः का लिहिलं नाही, हे मात्र तिनं विचारलं नाही. मुलानं, ऋषिराजनं, वडलांना बिनबटणाचे सहा टी-शर्ट आणले, सेल होता म्हणून. घरातल्या डब्यांची झाकणं आपोआप सैल राहू लागली. द्वारकाबाई रोज ठरवायच्या, आज बोलायचं. मग जमादारांचा परेड घेतानाचा चेहरा बघायच्या आणि शेगडी पुसत बसायच्या.

दोन महिन्यांनी नवरा-बायको आणि सून पुन्हा बारामतीला गेली. डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून वाचले, मग मान वाचली, आणि थोडा वेळ खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. गोळ्यांचं विचारल्यावर मानसिंगराव म्हणाले की सध्या ट्रेनिंग चाललंय, शिपाई सुधारतायत, आणि गेटवरच्या सासूबाईंचा किस्साही सांगून टाकला. मूठ वळा म्हटल्यावर म्हणाले, एसटीत दांडी धरून हात अवघडलाय. राजलक्ष्मी म्हणाली, एसीची थंडी बाधली असेल. बाईंनी एसी बंद केला. मूठ होती तशीच अर्धी उघडी राहिली.

मग बाईंनी त्यांना विचारलं, सासूबाईंना अडवणाऱ्या गड्याचं पुढं काय केलंत. काढला न्हाय, ते म्हणाले, महिनाभर त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलो.

"ही गोळी म्हणजे तेच स्टूल आहे, आबा. शिपाई झोपत नाही, नुसता दमानं घेतो."

मानसिंगराव विचारात पडले. डॉक्टरीणबाई आपल्या धंद्यातलं बोलतील, हे त्यांनी धरलं नव्हतं. पण बाईंनी पुढं घरी काय त्रास होतो म्हणून विचारलं, तशी छाती परत फुगली.

"कायसुद्धा न्हाय."

"त्रास नाही, असं लिहू?"

राजलक्ष्मी पंख्याकडं बघू लागली. पेन कागदाला टेकलं. द्वारकाबाईंनी पदर सावरला.

"लिहू नगा, बाई. ह्यास्नी भाकरी मोडत न्हाय. चार महिनं झालं, मीच कुस्करून देते, आन् आमी दोघंबी म्हणतो, आज दूध-भाकरीच खाऊ वाटतीया."